बिनपाण्याची कॉफी

प्रभाकरराव जन्मात कधी कॉफी प्यायले नव्हते, पण कॉफीबद्दल त्यांचं मत मात्र ठाम होतं. सरकारी कचेरीत वीस वर्षं जुन्या फायली सांभाळणाऱ्या माणसाला मतं ठेवावीच लागतात. त्यांची मतं कॉफीबद्दल होती, विमानाबद्दल होती, आणि मद्रासकडच्या लोकांच्या पचनशक्तीबद्दलही होती. वर्धेच्या स्टेशनामागच्या गल्लीत ही मतं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून फुकट मिळायची, आणि तोवर त्यातून कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते अम्मांमुळे. अम्मा म्हणजे शेजारच्या ओमप्रकाशची आई. ओमप्रकाश रेल्वेत गार्ड, त्याचे वडीलही गार्डच होते. मूळचे कानपूरकडचे लोक, पण इतकी वर्षं वर्धेत राहून अम्मांची भाषा निम्मी हिंदी आणि निम्मी वऱ्हाडी झाली होती. ओमप्रकाशची बदली झांशीला झाली. महिन्याभरात जायचं ठरलं आणि त्या संध्याकाळी सगळे ओट्यावर जमले होते.

अम्मा म्हणाल्या, "वर्धेत सगळं पाह्यलं मी. एकच गोष्ट राह्यली. काफी नाई पेली कधी."

त्यांचे यजमान एकदा पास काढून मद्रासला गेले होते. तिथल्या स्टेशनावर ते कॉफी प्यायले आणि परत आल्यावर महिनाभर दुसरं काही बोलले नाहीत. पुढे ते वारले. अम्मांच्या मनात ती कॉफी तशीच राहिली.

"हात्तिच्या, कॉफीचं काय एवढं?" प्रभाकरराव म्हणाले. "आपल्या घरी करू. जायच्या आधी तुमाले पाजतो."

हे ऐकून त्यांच्या बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या हातातलं तांदळाचं सूप तिरपं झालं. कारण अम्मा दुसऱ्याच्या घरचं पाणी घेत नसत. त्यात कोणाचा अपमान नव्हता, सगळ्यांना सारखाच नियम. सख्ख्या जावेच्या घरीसुद्धा त्या स्वतःचं पाणी घेऊन जात. दुधातलं चाले, पाण्यातलं चालत नसे. आता बाईचं नाव अन्नपूर्णा, आणि भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी नऊ वर्षांत तिच्या हातचा घासभर काही खात नाही, ही गोष्ट काय लागत नसेल? अन्नपूर्णाबाईंनी एकदा बासुंदी केली होती. अम्मांनी विचारलं, दूध कोणाचं? डोमाजी गवळ्याचं. अम्मांनी हसून हात जोडले, कारण डोमाजीच्या दुधात काय असतं ते गल्लीतल्या मांजरालाही माहीत होतं. मग एकदा बेसनाचे लाडू केले, नुसत्या तुपातले. अम्मांनी विचारलं, डाळ धुतली होती का बेटी? आता डाळ धुतल्याशिवाय दळायची कशी? आणि अन्नपूर्णाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. लाडू पोरींनी खाल्ले.

"पन बेटा," अम्मा म्हणाल्या, "काफी तं पाण्याचीच राह्यते ना?"

इथे प्रभाकररावांना थांबता आलं असतं. पण मत असलेला माणूस असा मध्येच थांबत नाही.

"कोन म्हनते? चहा पाण्याचा. खरी कॉफी बिनपाण्याचीच असते, अम्मा. दुधात आटवतात तिले. बासुंदीसारखी. वरून चारोळी, जायफळ."

"बरोबर हाये," समोरचे बंडूजी म्हणाले. बंडूजी म्हणजे निवृत्त मास्तर, नागपूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. "मद्रासकडं तशीच करतात."

"पाण्याचा थेंब नसंन, तं घेईन मी," अम्मा म्हणाल्या.

जेवायला बसल्यावर अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याचं ताट वाढलं आणि वाढणी हातात धरूनच त्या उभ्या राहिल्या. "तुमी उगीच बोलून गेले असान तं आत्ताच सांगा. माह्या दोन्ही बाळंतपनात त्या बाईनं मले उठवलं बसवलं. माह्या मायनं केलं नसतं इतकं केलं. अन् माह्या हातचं काही तिच्या पोटात गेलं नाई. आता गेली म्हंजे पुन्हा भेट होत नाई. मले आस लावून ठेवू नका."

"एकदा म्हनलं म्हंजे म्हनलं," प्रभाकरराव म्हणाले आणि त्यांना त्या दिवशी भात नीट गेला नाही.

अन्नपूर्णाबाईंचा भाऊ हरिदास मिलिटरीच्या हिशेबखात्यात बंगळूरला होता. त्याला पत्र गेलं. बाराव्या दिवशी पार्सल आलं, म्हणजे स्टेशनापर्यंत आलं. हरिदास हौशी माणूस, त्याने तयार पूड पाठवायची सोडून उत्तम प्रतीचं कच्चं बी पाठवलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कॉफीचं बी'. आता वर्धा जिल्हा म्हणजे कापसाचा. इथे परमुलखातलं बी आलं की सरकारचे कान टवकारतात. पार्सलवाल्या बाबूने बी तळहातावर घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "हे काय हाये ते मले माहीत नाई. उद्या कोनी हे पेरलं अन् कपाशीवर रोग आला, तं जबाबदार कोन? शेतकी खात्याचा दाखला आना."

"पेरायचं नाई, प्यायचं हाये," प्रभाकरराव म्हणाले.

"बी कोनी पेते का?" बाबूने विचारलं, आणि या प्रश्नाला कोणत्याही फायलीत उत्तर नव्हतं.

ओमप्रकाश रेल्वेचाच माणूस. त्याने एक शब्द टाकला असता तर पार्सल घरी चालत आलं असतं. पण आपण ज्यांना पाजणार त्यांच्याच मुलाकडून सामान सोडवून घ्यायचं, हे प्रभाकररावांना कमीपणाचं वाटलं. आणि शिवाय कागद हे त्यांचं राज्य होतं. ते स्वतः शेतकी खात्यात गेले. तिथले साहेब तरुण आणि अभ्यासू निघाले. असले लोक फार घात करतात. त्यांनी सांगितलं की उगवलं तर ते बियाणं आणि नाही उगवलं तर तो किराणा, तेव्हा आधी पेरून पाहिलं पाहिजे. त्यांनी मूठभर बी एका कुंडीत पेरलं आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं.

आठ दिवस प्रभाकरराव रोज कचेरीतून परतताना वाकडी वाट करून ती कुंडी बघून येत. पेरलेलं उगवू नये म्हणून देवाला हात जोडणारा त्या जिल्ह्यात तेवढा एकच माणूस असावा. बी उगवलं नाही. 'सदर बी उगवत नाही, सबब हरकत नाही' असा दाखला मिळाला, त्यावर दोन सह्या आणि एक शिक्का. तो दाखला पाहून पार्सलवाल्या बाबूने पार्सल दिलं, पण देताना म्हणाला, "फसवलं तुमाले बंगळूरवाल्यानं. उगवत नाई म्हंजे सडकं बी हाये."

जायला आता आठवडा उरला होता. बी हिरवट होतं आणि त्याला कसलाही वास नव्हता. हे भाजायला पाहिजे, असं हरिदासच्या पत्रात होतं. ते गुलाब भडभुंज्याकडे गेलं. गुलाबने तापल्या वाळूत टाकून दणक्यात भाजलं, काळंभोर झालं. त्याच्या मते जरा जास्त झालं होतं, पण त्याने खाऊन पाहिलं आणि मग आपलं मत स्वतःकडेच ठेवलं. घरी आणल्यावर अन्नपूर्णाबाई सुपात घेऊन त्यातले हरभऱ्याचे फुटाणे निवडत बसल्या. गल्लीभर असा काही वास सुटला की तीन घरांतून विचारणा झाली, काही जळलं काय म्हणून.

मग दळणं. जातं घरचं, पण जात्यावर आदल्या दिवशी ज्वारी दळलेली. एरवी अन्नपूर्णाबाईंनी जातं धुऊन घेतलं असतं. पण धुतलं की पाणी आलं! नवराबायकोने जात्याकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं ठरलं. जात्याच्या खाचांत अडकलेलं पीठ फडक्याने कितीसं निघणार? पण या प्रश्नाचा विचार त्या दोघांनी तेव्हा केला नाही. पूड जरा पांढुरकी दिसली तेव्हा बंडूजी म्हणाले, "उत्तम प्रतीच्या कॉफीवर अशी साय येतेच."

आता राहिलं दूध. प्रभाकररावांनी डोमाजीला बाजूला घेतलं आणि फार जपून, कचेरीतल्या भाषेत विषय काढला. "डोमाजी, इतवारी सकाळी आपल्याले शेरभर दूध पायजे. पन बिनपाण्याचं."

डोमाजीने डोक्यावरची घागर खाली ठेवली. "म्हंजे रोज मी पाणी टाकतो, असं म्हनता काय?"

"तसं नाई म्हनलं मी."

"तसंच म्हनलं," ओट्यावरून बंडूजी म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

डोमाजीचा चेहरा पडला. बारा वर्षं दूध घालणारा माणूस. पाणी तो टाकत होता, ते सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. पण तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं, आणि इतकी वर्षं दोन्हीकडची अब्रू त्यावरच तर उभी होती. त्याने घागर उचलली आणि तो चालता झाला. दोन दिवस दूध आलं नाही. पोरी कोरा चहा प्यायल्या. तिसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाई स्वतः त्याच्या गोठ्यावर गेल्या आणि अम्मांची सगळी गोष्ट त्यांनी त्याला सांगितली. त्या काय बोलल्या ते घरी त्यांनी सांगितलं नाही, पण डोळे लाल होते.

डोमाजी म्हणाला, "बाई, तुमी रडू नका. मी गायच घेऊन येतो. तुमच्या डोळ्यासमोर काढतो. मंग तं झालं?"

इतवार उजाडला. दुपारच्या गाडीने ओमप्रकाशची माणसं जाणार होती, सामान सगळं बांधून झालं होतं. प्रभाकररावांच्या अंगणात गाय आली आणि गाय आली म्हटल्यावर गल्लीही आली. असल्या कामाला शुद्ध होऊन बसावं म्हणून प्रभाकररावांनी विहिरीवर आंघोळ केली, ओलं धोतर नेसूनच ते अंगणात आले आणि घासून पुसून कोरडी केलेली चरवी दोन्ही हातांनी धरून गाईजवळ उकिडवे बसले. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून चाललं होतं.

डोमाजीने सवयीप्रमाणे धारेला बसण्याआधी हात पाण्यात बुडवायला तांब्या पुढे ओढला. प्रभाकररावांनी त्याचा हात धरला. "पाणी नाई."

"अवो, हात ओला केल्याबिगर सड कसा धरू? गाईले दुखते."

"तूप लाव."

डोमाजीने तूप लावलं. गाईला हा प्रकार नवीन होता. तिने मान वळवून आधी डोमाजीकडे पाहिलं आणि मग प्रभाकररावांकडे पाहिलं, आणि दोघांतला दोषी कोण हे तिने अचूक ओळखलं. लाथ चरवीला लागली नाही, प्रभाकररावांच्या मांडीला लागली. तरी त्यांनी चरवी सोडली नाही, हे गल्लीने नंतर कित्येक वर्षं मान्य केलं. अर्धी चरवी भरली आणि बंडूजी शांतपणे म्हणाले, "प्रभाकरराव, तुमच्या धोतरातून गळून राह्यलं. चरवीत थेंब पडला आत्ता."

सगळ्यांनी पाहिलं. धोतराच्या सोग्यातून थेंब ठिबकत होते, आणि सोगा नेमका चरवीवर होता. प्रभाकररावांनी बंडूजींकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर एखाद्या मास्तरावर टाकायची नसते.

"नाई सांगितलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"मी खोटं कसं बोलू?" बंडूजी म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

एक क्षण प्रभाकररावांच्या मनात आलं की एका थेंबाने काय होतं. अम्मा थोड्याच बघत आहेत? त्यांनी बायकोकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी नुसती मान हलवली. ते दूध अंगणात जमलेल्या पोरांना वाटलं. प्रभाकररावांनी लंगडत घरात जाऊन लग्नातला पितांबर काढला. कोरडं आणि शुद्ध असं तेवढंच वस्त्र घरात होतं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि पितांबर वाढला नव्हता. तो कसाबसा कमरेला अडकवून, एका हाताने मागून धरून, ते पुन्हा गाईपुढे बसले. या खेपेला जे मिळालं ते जेमतेम शेरभर. गाईची कास रिकामी झाली आणि डोमाजीने सांगून टाकलं की आता संध्याकाळपर्यंत थेंब नाही.

दूध शेगडीवर चढलं. साखर पडली, वेलदोडा पडला, आणि दूध जरासं आटल्यावर अन्नपूर्णाबाईंनी पूड घातली, हात सैल सोडून, कारण आयुष्यात एकदाच करायचं तर कंजुषी कशाला. पहिली पाच मिनिटं फार सुंदर गेली. रंग आला, वास आला, बंडूजी दारातून म्हणाले की मद्रासचं स्टेशन डोळ्यापुढे उभं राहिलं. मग ज्वारीच्या पिठाने आपलं काम सुरू केलं. दूध बुडबुडलं, फदफदलं, ढवळता ढवळता पळी जड झाली. अन्नपूर्णाबाईंनी पातेलं खाली उतरवलं, तेव्हा त्यांनी पळी सोडली आणि पळी तशीच उभी राहिली.

"हे काय झालं?" प्रभाकररावांनी विचारलं.

"मले काय माहीत? तुमीच म्हनले होते बासुंदीसारखी."

"बासुंदी अशी असते काय? हे तं पिठलं झालं."

पातळ करावं तर दूध नव्हतं. आणि पाणी? पाण्याने भरलेला माठ दोन हातांवर होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही. अन्नपूर्णाबाई शेगडीजवळच खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. प्रभाकररावांना पहिल्यांदाच काही मत सुचलं नाही. मांडी ठणकत होती, पितांबर हातात धरून ठेवावा लागत होता, आणि बायको रडत होती. आपण एवढं बोललो नसतो तर किती बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

तेवढ्यात अम्मा आल्या. प्रवासाची धुवट साडी, हातात स्वतःच्या पाण्याचा भरलेला लोटा. पाट मांडला होता, त्यावर त्या बसल्या आणि लोटा त्यांनी बाजूला ठेवला. अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसले, वाटीत ते काळसर पिवळं जे काय होतं ते काढलं, वर चारोळी पेरली आणि चमचा घालून पुढे ठेवलं.

अम्मांनी चमचाभर तोंडात घातलं. गल्ली दारात गर्दी करून उभी होती. अम्मांनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांचा जबडा हलत राहिला.

"बेटा," त्या म्हणाल्या, "काफी अशीच राह्यते?"

प्रभाकररावांनी बंडूजींकडे पाहिलं. बंडूजींनी आढ्याकडे पाहिलं.

"अम्मा," प्रभाकरराव म्हणाले, "खरं सांगू का? मले माहीत नाई. म्या बी कधी पेली नाई. म्या आपलं बोलून गेलो."

अम्मांनी आणखी एक चमचा घेतला, मग आणखी एक. कडू होतं, वाळूही दाताखाली येत असावी, पण त्या खात राहिल्या. अन्नपूर्णाबाईंना ते बघवेना. वाटी अर्धी झाली तेव्हा घास घशात अडकला. अम्मांना ठसका लागला, डोळ्यात पाणी आलं, त्यांनी हात पुढे केला. अन्नपूर्णाबाईंनी झटकन तो लोटा उचलून त्यांच्या हातात द्यायला धरला.

अम्मांनी मान हलवली. "ते ठेव," त्या ठसक्यातूनच म्हणाल्या. "तुह्या माठातलं दे."

अन्नपूर्णाबाईंनी लोटा तसाच धरून ठेवला.

"ऐकू नाई आलं का बेटी? माठातलं दे. घसा जळून राह्यला माहा."

अन्नपूर्णाबाईंनी लोटा खाली ठेवला आणि माठावरचं झाकण काढलं. त्यांनी पितळेचा पेला भरून आणला. अम्मांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावून, न थांबता, त्या शेवटपर्यंत प्यायल्या. मग रिकामा पेला पुढे केला. अन्नपूर्णाबाईंनी तो पुन्हा भरला. त्या रडत होत्या आणि ते कोणापासून लपवतही नव्हत्या. डोमाजी दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत होता.

बाहेर टांगा येऊन थांबला. ओमप्रकाश घाईघाईने आत आला, "अम्मा, गाडी का टैम हो गया," म्हणाला आणि आईच्या हातातला तो परक्या घरचा पाण्याचा पेला पाहून तिथेच थबकला.

"काय पाहून राह्यला?" अम्मा म्हणाल्या. "काफी पिऊन राह्यली मी. गार्ड हायेस ना तू? जा, गाडी थांबव."